व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सर्व्हरची अर्धवट आयपी सेटिंग आणि परस्पर बंद केलेल्या तीन तक्रारी

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
व्हिडिओ कॉन्फरन्सिंग विभाग

महोदय,

तुमचा सर्व्हर आमच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात बसवून चार महिने झाले. आम्ही प्रेशर व्हेसलची, म्हणजे दाबाखालच्या टाक्यांची, ड्रॉइंग करतो. वर्कशॉप मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), गिऱ्हाइकं बहुतेक पुण्याकडची. ड्रॉइंग समोर ठेवून बोलता यावं, एवढ्यासाठी हा खर्च केला. या काळात तीनदा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला. कोणी सोडवली, देव जाणे. इथे कोणी फिरकलंही नाही.

मी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलेला मेकॅनिकलचा माणूस. नेटवर्क हा माझा प्रांत नव्हे, म्हणूनच बसवण्याचे वेगळे पैसे मोजले होते. तुमचा इंजिनिअर आला, ऑफिसातल्या ऑफिसात एक कॉल लावून दाखवला आणि ‘काका, थई गयुं’ म्हणून चहा पिऊन गेला. त्याने काय करून ठेवलंय, हे एक दिवस लाइट गेली तेव्हा कळलं.

यूपीएसही दमली, सगळं बंद पडलं. लाइट आल्यावर आतले कॉल ठीक, बाहेरून एकही लागेना. तुमची हेल्पलाइन म्हणाली, इंटरनेटवाल्यांना विचारा. त्यांनी तपासून सांगितलं, लाइन चोख आहे. शेवटी भाच्याला बसवलं. त्याला दहा मिनिटांत सापडलं. सर्व्हरला कायमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिलेलाच नव्हता; डीएचसीपी चालू ठेवलं होतं, म्हणजे राउटर देईल तो पत्ता घ्यायचा. राउटरमध्ये मात्र बाहेरचे कॉल १९२.१६८.१.४० कडे पाठवा, असं लिहून ठेवलेलं. लाइट आल्यावर प्रिंटर आधी जागा झाला, ४० नंबर त्याने पटकावला आणि सर्व्हरच्या वाट्याला ४७ आला. म्हणजे पुण्याचं गिऱ्हाईक दोन दिवस आमच्या अकाउंट्सच्या प्रिंटरला फोन लावत होतं! भाच्याने राउटरमध्ये ४० नंबर सर्व्हरसाठी राखून ठेवला, म्हणून गाडी रुळावर आली. पहिल्याच दिवशी करायचं काम होतं ते.

दुसरा प्रकार याहून महागात पडला. गेल्या महिन्यात इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलून दिला. भाच्याने बाहेरचे कॉल सर्व्हरकडे वळवणारे पोर्ट वगैरे त्यात पुन्हा भरले. पुण्याचा कॉल लागला, पण आमच्या पडद्यावर काळोख, आवाजही नाही. पाच मिनिटं ‘हॅलो, हॅलो’ केलं आणि लागलंच नाही असं समजून आम्ही आपसात बोलू लागलो. माझे भागीदार म्हणाले, ‘बरंच झालं, हा माणूस दर वेळी पाच टक्के कापल्याशिवाय उठत नाही.’ तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ‘अहो, आम्हाला तुम्ही दिसताय आणि ऐकूही येताय. सगळं.’

त्या ऑर्डरचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

कारण असं. सर्व्हर कॉल लावताना समोरच्याला सांगतो, की चित्र आणि आवाज अमुक पत्त्यावर पाठव. आमचा तिथे सांगतो १९२.१६८.१.४०. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ सालापासून खाजगी वापरासाठी राखलेले आहेत, इंटरनेटवर ते चालत नाहीत. वाड्यातल्या वाड्यात ‘माडीवरची खोली’ एवढा पत्ता पुरतो. पोस्टमनला गाव नि पेठ लागते. ते गाव-पेठ लिहायला तुमच्या सेटिंगच्या पानावर नॅटच्या (आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावण्याच्या सोयीच्या) खाली सार्वजनिक पत्त्याचा रकाना आहे. तो कोरा आहे. आम्ही दरमहा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतलाय तो याचसाठी, आणि इंजिनिअरला तो कागदावर लिहून दिला होता. जुना राउटर एसआयपी एएलजी नावाच्या त्याच्यातल्या सोयीच्या जोरावर वाटेत पत्ता बदलून देत होता, म्हणून तुमची चूक झाकून राहिली. नव्यात ते बंद आहे. हेल्पलाइन म्हणते, चालू करा. तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय, ते बंद ठेवा. आम्ही कोणाचं ऐकायचं?

रकाना आम्हीच भरला असता. पण आम्हाला लॉगिन दिलंय ते नुसतं बघण्यापुरतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ‘कंपनी पॉलिसी’ म्हणून तुमच्याकडे. यंत्र आमच्या पैशाचं, आमच्या कपाटात, आणि किल्ली तुमच्या खिशात. पॉलिसीचं मला काही म्हणायचं नाही, पण किल्ली ठेवता तर दार उघडायला माणूसही पाठवत जा.

तेव्हा जाणकार माणूस प्रत्यक्ष पाठवा. सर्व्हरवरच कायमचा आयपी आणि त्यासोबतची सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस ही नेटवर्कची सेटिंग घालून घ्यायची आहेत, नॅटचा रकाना भरून घ्यायचा आहे, आणि मोबाइल इंटरनेटवरून बाहेरचा कॉल लावून दोन्ही बाजूंचा आवाज तपासल्याशिवाय त्याने निघायचं नाही. केलेल्या सगळ्या सेटिंगचा कागद सहीनिशी हवा, पासवर्ड बंद पाकिटात हवा, आणि बसवण्याचे घेतलेले पैसे परत हवेत. पुढच्या वर्षाच्या एएमसीचं, म्हणजे देखभाल कराराचं, तुमचं बिल आलंय. ते यातलं सगळं झाल्यावर पाहू.

शनिवारी चारनंतर या. तेव्हा ऑफिसात गर्दी नसते, सर्व्हर बंद-चालू करायला अडचण येणार नाही. येण्याआधी फोन करा, आणि कृपा करून त्याआधी तक्रार बंद करू नका.

कळावे,

आपला ग्राहक
(भागीदार, ड्रॉइंग ऑफिस)
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत: बसवणुकीच्या पावतीची प्रत, कोऱ्या रकान्याचा फोटो, तक्रार बंद केल्याचे तीन मेसेज