पुळणीवर पहाटे चालणाऱ्यांना

कासवमित्र दादांनो, ताईंनो, आणि त्यांच्यासोबत गस्तीला येणाऱ्या वनरक्षकांनो,

स.न.वि.वि.

वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, गुहागर, गावखडी, वायंगणी... कासवाची पिल्लं बघायला येणारा पाहुणा कोकणातल्या या पुळणींवर पोचतो तेव्हा टोपली उचललेली असते, चिमुकली पावलं पाण्याकडे निघालेली असतात. तो अर्धा तास त्याला आयुष्यभर आठवतो. त्या अर्ध्या तासामागे पन्नासेक दिवसांची राखण असते, ती त्याला दिसत नाही. हे पत्र त्या राखणीसाठी आहे. नुसतं मोघम ‘धन्यवाद’ तुमच्या कामाला शोभणार नाही, म्हणून कशाकशाचे आभार मानायचे ते नीट सांगतो.

पहिले आभार तुमच्या नजरेचे. मादी रात्री वर येते, तासाभरात अंडी घालून परत जाते, मागे राहतो फक्त वाळूतला माग. ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाचा माग सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद, डाव्या-उजव्या वल्ह्यांच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांच्या, खुणा आलटून-पालटून पडलेल्या. खुणा जोडीनं समोरासमोर आणि माग मीटरभर रुंद असेल तर ती हिरव्या कासवाची मादी. हे तुम्ही बॅटरीच्या उजेडात, चालता चालता ओळखता. मादी कधी अंडी न घालताच माघारी फिरते, तेव्हा माग असतो पण घरटं नसतं. आणि घरटं असलं तरी तिनं अंगानं वाळू दाबून, वर वाळू उडवून ते झाकलेलं असतं. घाईच्या माणसाला काठी खुपसून बघायचा मोह होतो. एक अंडं फुटलं तरी वासानं मुंग्या आणि खेकडे येतात, मागोमाग कोल्हा. तुम्ही तळहातानं वाळू चाचपता, मऊ लागेल तिथंच बोटांनी उकरता. भरती चढली किंवा वारा सुटला की माग पुसला जातो, आणि भटकी कुत्री तुमच्याआधी पोचली तर उरतात फक्त टरफलं. म्हणून ही गस्त उजाडल्यावर घालून भागत नाही.

दुसरे आभार त्या पहिल्या काही तासांच्या शिस्तीचे. मादीच्या पोटात थांबलेली भ्रूणाची वाढ अंडं बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू होते, आणि काही तासांत भ्रूण वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटलं, हिसका बसला, की आतला जीव जातो. बाहेरून काहीच कळत नाही. पन्नास दिवसांनी घरटं उघडल्यावर कळतं. म्हणून दोन तासांच्या आत अंडी हलवली तर उत्तम, पाच-सहा तासांच्या पुढे हलवणं म्हणजे जुगार. तुम्ही बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओलसर वाळू घालता, अंडी एकेक उचलून न फिरवता ठेवता, मोजता, वर पुन्हा तीच वाळू पसरता. शंभर-सव्वाशे अंड्यांची बादली मऊ वाळूतून हिंदकळू न देता नेणं किती जड जातं, ते नेणाऱ्याच्या खांद्यालाच ठाऊक!

जिथं उधाणाचं पाणी पोचत नाही आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून राखण होऊ शकते, तिथं घरटं हलवूच नये, जागेवर जाळी लावावी, हे आमचं ठाम मत आहे. मादीनं निवडलेली जागा माणसाच्या जागेपेक्षा बरी. पण आपल्या बऱ्याच पुळणींवर तेवढी सोय उरलेली नाही, म्हणून हॅचरी, म्हणजे अंडी हलवून पुरण्यासाठी पुळणीवरच केलेली कुंपणातली जागा.

हॅचरीतला तुमचा खड्डा पाहिला की काम समजून केलंय हे लगेच कळतं. मूळ घरट्याची खोली आधी मोजलेली, साधारण दीड फूट. आकार सुरईसारखा, गळा अरुंद आणि तळ रुंद. सरळसोट खड्डा केला तर वरची कोरडी वाळू अंड्यांवर ढासळते. वाळू फार ठोकून बसवली तर हवा खेळत नाही आणि सुरुवातीला जगलेले भ्रूण शेवटच्या आठवड्यांत गुदमरतात, कारण वाढत्या पिल्लांना प्राणवायू जास्त लागतो. दोन घरट्यांत मीटरभर अंतर, गवताची आणि मर्यादवेलीची मुळं काढलेली, पाटीवर तारीख, अंड्यांची संख्या, घरट्याचा क्रमांक. जुनी टरफलं आणि बुरशी वाळूत राहतात, म्हणून दर वर्षी कुंपणाची जागा बदलायची. सगळं कुंपण उपटून दहा-वीस मीटर सरकवायचं हे कंटाळवाणं काम आहे. जिथं ते टाळलं जातं तिथं अंडी कुजण्याचं प्रमाण वाढतं.

उन्हाचं गणितही तुम्ही सांभाळता. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण 29-30 अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या. पस्तिशीच्या आसपास वाळू तापून राहिली तर पिल्लं मरतातच. फेब्रुवारी-मार्चमधली घरटी एप्रिलच्या उन्हात सापडतात. हॅचरीवर सावलीची जाळी कधी टाकायची, कधी काढायची, हे अंदाजानं न ठरवता तापमापक पुरून ठरवणारे तुमच्यात आहेत, त्यांचे विशेष आभार. सगळ्या हंगामभर सरसकट सावली केली, तर आपल्याच हातानं नर-माद्यांचं प्रमाण बिघडवू.

आणि टोपली. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास ती घरट्यावर पालथी पडते. त्यानंतर सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीही ती बघावी लागते. रात्री वर आलेली पिल्लं सकाळी उशिरापर्यंत टोपलीखाली राहिली तर आधी ताकद घालवतात, मग उन्हानं वाळतात. पोटातल्या बलकावर त्यांना खोल पाणी गाठायचं असतं, तो टोपलीत धडपडून संपवायचा नसतो. अंड्यातून फुटून वर यायला पिल्लांना काही दिवस लागतात, सगळी मिळून वाळू खाली पाडत वर सरकतात. त्यामुळे पाहुण्यांनी ‘जरा उकरून बघा ना’ म्हटलं तरी तुम्ही हात लावत नाही. पिल्लं थेट पाण्यात न सोडता पाण्यापासून काही मीटर आधी वाळूवर ठेवता. पाहुण्यांना दोरीमागे उभं करता, मोबाईलचे दिवे बंद करायला लावता. रोज नव्या माणसांना तेच सांगायचं, तेही न चिडता, याला मोठा धीर लागतो.

आता भागीदारीविषयी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवं आहेत. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणजे वनखात्याशिवाय गावाला हे काम करता येत नाही. आणि गावाशिवाय खात्याला ते जमत नाही, कारण एका वनरक्षकाच्या वाट्याला अनेक पुळणी येतात आणि माग उमटतो तो एकाच रात्री. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी, सुरुवात केली तेव्हा अंडी खाण्या-विकण्यासाठी काढली जात होती. ज्यांना घरटी शोधता येत होती, त्यांचीच नजर राखणीला लागली. 2006 पासून कासव महोत्सव, त्यातून घरोघरी पाहुण्यांची सोय, पुढे वनखात्याच्या कांदळवन कक्षाची आणि कांदळवन प्रतिष्ठानची साथ. हंगामाचं मानधन ही दया नाही, कौशल्याची मजुरी आहे, आणि ती कष्टाच्या मानानं कमीच आहे, हे आम्ही जिथं संधी मिळेल तिथं बोलत राहू.

किनाऱ्यावरच्या या आभारांत होडीवरच्या भावांनाही धरलं पाहिजे. डिसेंबर 2018 पासून जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर जास्तीत जास्त 25,000 रुपये नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा चित्रफीत लागते, आणि अंधारात, हलत्या होडीवर, तडफडणारं कासव आणि फाटलेलं जाळं एकाच फोटोत यावं हे सोपं नाही. जाळं कधी भरपाईपेक्षा महाग असतं. तरी तुम्ही सुरी चालवता.

शेवटचे आभार नोंदवहीचे. 2022 च्या जानेवारीत वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या कासवाच्या मादीच्या पाठीवर, ती कुठं जाते ते कळावं म्हणून, उपग्रह यंत्र बसलं. 2023 मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला दिसला, क्रमांक 03233. तो 2021 मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी असं मानलं जायचं, त्या समजाला या बिल्ल्यानं धक्का दिला. असा बिल्ला दिसतो तो रात्री पुळणीवर माणूस असतो म्हणूनच. उपग्रह हे काम करू शकत नाही.

पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी तुम्ही घरटं उकरता, रिकामी टरफलं, न फुटलेली अंडी, आत मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजता. वास असह्य असतो, तरी आकडे चोख येतात. अपयशाचे आकडेही तुम्ही लपवत नाही, म्हणून त्यांच्यावर काम करता येतं.

एक मागणं मात्र आहे. यंदा नोंदवहीत दोन रकाने वाढवा. एकात, घरट्याच्या जागेवरून उभं राहून रात्री किती दिवे दिसतात आणि कुठल्या बाजूला, कारण उजेडानं पिल्लं वाट चुकतात. दुसऱ्यात, उधाणाच्या रेषेपासून सुरूच्या पहिल्या झाडापर्यंत किंवा धूपप्रतिबंधक बंधाऱ्यापर्यंत किती पावलं वाळू उरली. ग्रामसभेत आणि खात्यापुढे दिव्यांचा, सुरूच्या लागवडीचा विषय निघेल तेव्हा तुमच्या हातच्या या आकड्यांसारखा पुरावा दुसरा नसेल. वह्या, तापमापक आणि लाल काचेच्या बॅटऱ्या आम्ही नोव्हेंबरच्या आधी पोचवतो.

आपले,
तुमच्या नोंदींवर काम करणारे आम्ही सगळे