कॉन्सर्टिना म्हणजे ‘छोटा अकॉर्डियन’ नव्हे

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत भात्याच्या वाद्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यात कॉन्सर्टिनाची बोळवण ‘छोटा अकॉर्डियन’ या दोनच शब्दांत केलेली पाहून वाईट वाटले. गेली अनेक वर्षे मी हे वाद्य निरनिराळ्या शैलींत ऐकत आले आहे आणि त्या ऐकण्यातून मला जो आनंद मिळाला, त्याचे मूळ नेमके या दोन वाद्यांच्या वेगळेपणात आहे, म्हणून हे पत्र.

भाता आणि हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पत्त्या दोन्ही वाद्यांत आहेत, हे खरे. पण अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला एका बटणावर अख्खा स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचा गट, तयार मिळतो. कॉन्सर्टिनाचे बटण एका वेळी एकच सूर देते आणि स्वरमेळ हवा असेल तर वादकाला तो स्वतःच्या बोटांनी रचावा लागतो. शिवाय कॉन्सर्टिनाची बटणे दोन्ही टोकांना असून ती भात्याच्या हालचालीच्याच दिशेने दाबली जातात, त्यामुळे बोट आणि भाता यांचे नाते फार जवळचे असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कॉन्सर्टिना हे एक वाद्य नसून एक कुटुंब आहे. ज्यांच्या नावाचा ‘व्हीटस्टन सेतू’ आपण पदार्थविज्ञानात शिकतो, त्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनमध्ये 1829 आणि 1844 साली घेतलेल्या पेटंटांतून इंग्लिश कॉन्सर्टिना आकाराला आला. त्यात भाता ओढा किंवा दाबा, एका बटणाचा सूर तोच राहतो, आणि सप्तकातले लागोपाठचे सूर उजव्या-डाव्या हातांत आळीपाळीने वाटलेले असतात. जर्मनीतील केमनिट्झ येथे कार्ल फ्रीडरिश उलिग यांनी 1834 मध्ये केलेल्या वाद्यात मात्र माउथ ऑर्गनप्रमाणे ओढताना एक आणि दाबताना दुसरा सूर येतो. पुढे लंडनच्या कारागिरांनी ही जर्मन मांडणी इंग्लिश बनावटीच्या षट्कोनी पेटीत बसवली आणि त्यातून ‘अँग्लो’ हा प्रकार रूढ झाला. दोन्ही हातांना स्वतंत्र सप्तके देणारा ‘डुएट’ हा तिसरा प्रकार.

हा तपशील कंटाळवाणा वाटू शकेल, पण तो ठाऊक नसताना मी स्वतः वर्षानुवर्षे चुकीचे ऐकत होते. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील अँग्लोवादन मी आधी ऐकले आणि त्यातील उसळी, सुरासुरांमधली ती सूक्ष्म फट, हा या वाद्याचा स्वभावच आहे असे धरून चालले. नंतर एकदा इंग्लिश कॉन्सर्टिनावरची एक संथ रचना कानी पडली, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर वाद्याचे नाव चुकले असावे असेच मला वाटले, इतका तो स्वर सलग आणि व्हायोलिनच्या वळणाचा होता. कारण साधे होते. अँग्लोवर बटणांच्या एकाच ओळीतून चाल वाजवताना भात्याची दिशा सतत बदलावी लागते आणि प्रत्येक बदलाला सुराचा श्वास तुटतो; नाचाच्या संगीताला जी उचल हवी असते, ती या तुटण्यातूनच मिळते. इंग्लिश प्रकारात हे बंधन नसल्याने वादक एका भात्यात लांबलचक स्वरवाक्य पूर्ण करू शकतो.

क्लेअरमधील किलरश गावच्या एलिझाबेथ क्रॉटी (1885–1960) यांचे वादन या दृष्टीने मी पुन्हा पुन्हा ऐकते. त्यांच्या चालींत सजावट फार नाही, घाई तर अजिबात नाही, तरीही पाय आपोआप ठेका धरतो. त्याच परगण्यातले, 1958 साली जन्मलेले नोएल हिल बटणांच्या ओळी ओलांडून सूर निवडतात, त्यामुळे भाता कुठे उलटवायचा हे वाद्य न ठरवता वादक ठरवतो. एकाच वाद्यावर, एकाच परंपरेत, दोन पिढ्यांमध्ये पडलेले हे अंतर ऐकताना प्रत्यक्ष कळते. मला स्वतःला क्रॉटी अधिक प्रिय आहेत, पण हिल यांच्या संथ गीतचालींपुढे हे मत डळमळते, हेही मान्य करते.

हाच अँग्लो इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वॉरीत विल्यम किंबर (1872–1961) यांच्या हाती वेगळेच बोलू लागतो. 26 डिसेंबर 1899 रोजी सेसिल शार्प यांनी त्यांच्या साथीवर चाललेले मॉरिस हे इंग्लिश लोकनृत्य पाहिले आणि लोकसंगीत गोळा करण्याच्या शार्प यांच्या पुढच्या कामाची ती सुरुवात ठरली. किंबर उजव्या हाताने चाल वाजवतात आणि डाव्या हाताने आखूड, ठसठशीत स्वरमेळ देतात. ते स्वरमेळ लांबवत नाहीत, कारण नर्तकाचा पाय हवेतून जमिनीवर येईपर्यंत जागा मोकळी ठेवायची असते.

इंग्लिश कॉन्सर्टिनाचा मैफलीतला इतिहास तर जवळजवळ विसरला गेला आहे. गिटारवादक म्हणून बालपणीच नावाजले गेलेले ज्युलिओ रेगोंडी (1822–1872) या वाद्याचेही असामान्य वादक होते आणि बर्नहार्ड मोलिक यांनी 1853 मध्ये वाद्यवृंदासह कॉन्सर्टिनासाठी स्वतंत्र कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, लिहिला. 48 बटणांच्या नेहमीच्या वाद्याचा सर्वांत खालचा सूर व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या सुराएवढाच असल्यामुळे व्हायोलिनचे पुष्कळ संगीत त्यावर जसेच्या तसे वाजवता येत असे. सुरुवातीच्या वाद्यांत डी शार्प आणि ई फ्लॅट यांना, तसेच जी शार्प आणि ए फ्लॅट यांना (पियानोवर या प्रत्येक जोडीला एकच पट्टी असते) वेगवेगळी बटणे आणि वेगवेगळे सूर होते. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात वाद्यांचे परीक्षक असलेले फ्रेंच रचनाकार हेक्टर बेर्लिओझ यांनी या स्वरजुळणीवर पुढे कठोर टीका केली. समान अंतरांच्या स्वरजुळणीला जुळवून घेतल्यावर बटणे राहिली, त्यांच्यातला सुरांचा फरक मात्र गेला. श्रुतींच्या बारकाव्यांत रस असलेल्या आपल्या वाचकांना एवढ्या एका विषयावरचा लेखही वाचावासा वाटेल, याची मला खात्री आहे.

दक्षिण आफ्रिकेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे एकाच वाद्याने दोन समाजांत दोन वेगळे जन्म घेतले. आफ्रिकान्स भाषकांच्या ‘बुरेम्युझीक’ या नृत्यसंगीतात कॉन्सर्टिना प्रमुख वाद्य आहे आणि तिथे त्याचा स्वर भरदार, गोल, वाल्ट्झच्या झोक्यावर डोलणारा असतो. कामासाठी गाव सोडून शहरांकडे आणि खाणींकडे निघालेल्या झुलू तरुणांनी मात्र तेच वाद्य चालता चालता वाजवण्यासाठी उचलले आणि पुढे त्यातील सुरांची मांडणी आपल्या गाण्याला जुळेल अशी बदलून घेतली. त्यांच्या ‘मस्कंदा’ संगीतात वरून खाली उतरत येणारे छोटे स्वरसमूह फिरून फिरून येतात. युरोपीय स्वरमेळाची अपेक्षा बाजूला ठेवून चालण्याच्या लयीकडे कान दिला, तर हे संगीत फार लवकर आपलेसे होते. गायक जॉनी क्लेग यांनीही कॉन्सर्टिना वाजवला आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांना त्यांच्या संगीतातून आत शिरता येईल.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील पोल्का वादकांचा आकाराने मोठा केमनिट्झर प्रकार, आणि क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्या नावावरून ओळखला जाणारा, ब्युनोस आयर्सच्या टँगोचा प्राण बनलेला बँडोनियन, हे दोघेही याच जर्मन शाखेचे. बँडोनियनबद्दल भरपूर लिहिले जाते, म्हणून इथे विस्तार करत नाही.

आपणास दोन विनंत्या आहेत. पुढील एखाद्या पुरवणीत कॉन्सर्टिनावर स्वतंत्र लेख यावा. आणि संगीताच्या कार्यक्रमाचे वृत्त किंवा ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण छापताना केवळ ‘कॉन्सर्टिना’ एवढेच न लिहिता इंग्लिश, अँग्लो की डुएट, हेही नमूद करावे. एका शब्दाची जागा लागेल, पण वाचकाने भाता उलटण्याकडे कान द्यायचा की स्वराच्या सलगपणाकडे, हे त्याला ऐकण्याआधीच कळेल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक