मुंबईची सहल: आधी वार बघ

रत्नागिरी,
१० नोव्हेंबर

प्रिय दिन्या,

तुझी यादी वाचली. दोन दिवसांत अकरा ठिकाणं! अरे, चाळीस पोरं घेऊन दिवसाला दोन नीट झाली तरी पुष्कळ. शिवाय रविवारला जोडून सोमवार धरलायस, आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद. म्हणून बुधवारी रात्री कुडाळला कोकणकन्या पकडा, गुरुवार-शुक्रवार मुंबई, शुक्रवारी रात्री परत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा जानेवारीचं आताच बघ. सवलतीसाठी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र लागेल.

गाडी पहाटे थेट सीएसएमटीला जाते, त्यामुळे सामानासकट लोकलमध्ये चढायची वेळ येत नाही. स्टेशन रस्त्यापलीकडून दाखव. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ; एक ब्रिटनचा, एक आपला.

गुरुवारी घारापुरी. गेटवेवरून लाँचने तासभर. मालवणच्या पोरांना लाँचचं कसलं अप्रूप! घोळ पुढे होतो. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि रांग विस्कटते. पुढे एक शिक्षक, मागे एक, वर पोचल्यावर मोजणी. खाऊ पिशवीत बंद, नाहीतर माकडं हातातून ओढतात. लेण्यात शिरल्यावर दोन मिनिटं सगळ्यांना गप्प उभं कर, उन्हातून आल्यावर आत काहीच दिसत नाही. मग त्रिमूर्तीपुढे ने. मूर्ती सुमारे वीस फुटी. आपल्या डावीकडच्या उग्र चेहऱ्याला मिशी आहे आणि हातात नाग. उजवीकडचा सौम्य, हातात कमळ. हे तू सांगू नकोस, त्यांनाच शोधू दे.

शुक्रवारी राणीची बाग, पेंग्विन आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. भायखळ्याला लोकलनेच जा. सकाळी सगळी गर्दी सीएसएमटीकडे येते, तुम्ही उलटे जाणार, म्हणून डबे मोकळे मिळतात. मात्र गाडी लागली की आधी उतरणाऱ्यांचा लोंढा जाऊ दे, दारासमोर उभं राहायचं नाही. दहा-दहाचे चार गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एकच दार. तिरक्या पट्ट्यांचा डबा फर्स्ट क्लासचा, तो टाळा. मशीद, सँडहर्स्ट रोड, मग भायखळा. सँडहर्स्ट रोड सुटल्यावर दाराशी यायचं, कारण गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते.

एक नियम घरूनच पाठ करून घे: फलाटावर राहिलेला तिथेच उभा राहणार. पुढच्या स्टेशनवर उतरून शिक्षकच मागे येतील. मूल आपल्या अकलेने पुढची गाडी पकडतं आणि तिथेच चुकामूक होते.

प्रत्येकाच्या खिशात दोन शिक्षकांचे नंबर कागदावर लिहून दे. मोबाइलची बॅटरी दुपारीच संपते.

तुझा,
बाळ्या