पगाराच्या पावतीवरचे रूझवेल्ट

सिल्व्हर स्प्रिंग, मेरिलँड

ती. अण्णा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून राजकारण बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडचे लिबरल आणि प्रोग्रेसिव्ह एकच की वेगळे?" मी "सावकाश सांगते" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर बारा वर्षं इथे काढूनही मला ते एका वाक्यात सांगता येत नाही.

आधी आपला उदारमतवादी डोक्यातून काढा. तुमच्या लेखी उदारमतवादी म्हणजे रानडे-गोखले, नेमस्त. इथे लिबरल म्हणजे म्हातारपण, आजारपण, बेकारी यांत सरकारने हात दिला पाहिजे असं म्हणणारा. शब्दाला हा अर्थ चिकटला तो मुख्यतः फ्रँकलिन रूझवेल्टमुळे. त्यांच्या आधीचे अध्यक्ष हूवर हेही स्वतःला लिबरलच समजत, आणि आपला शब्द या लोकांनी पळवला अशी त्यांची तक्रार होती.

प्रोग्रेसिव्ह हा शब्द त्याच्याही आधीचा. फ्रँकलिनचे दूरचे चुलतभाऊ थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन अध्यक्ष होते. 1912 मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाशी फारकत घेऊन या नावाचा पक्ष काढला. निवडून आले मात्र विल्सन, आणि तेही पुरोगामीच म्हणवणारे. मध्यवर्ती बँकेची व्यवस्था, मक्तेदारीला लगाम घालणारे कायदे, हे सगळं विल्सनचं. पण त्यांच्याच सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत गोरे आणि काळे कारकून वेगळे बसवायला सुरुवात केली. साल 1913. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबियात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. विल्सन ज्या प्रिन्स्टनचे कुलप्रमुख होते, तिथल्या धोरणशिक्षणाच्या विभागावरून त्यांचं नाव 2020 मध्ये काढलं.

परवा मुलांना घेऊन फ्रँकलिन रूझवेल्टच्या स्मारकावर गेले होते. उघड्यावरच्या चार दालनांत त्यांच्या चार कारकिर्दी मांडल्या आहेत. एका ठिकाणी पावाच्या रांगेत उभी ब्राँझची माणसं आहेत, खांदे पडलेले, टोप्या खाली ओढलेल्या. चिन्मय त्यांच्या मागे नंबर लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, यांचा नंबर कधी येणार?" आता काय सांगू? पुढच्या दालनात खुद्द रूझवेल्ट बसले आहेत, अंगभर झूल. पोलिओने त्यांचे पाय गेले होते, पण चाकाची खुर्ची ते लोकांच्या नजरेला पडू देत नसत. 1997 मध्ये स्मारक खुलं झालं तेव्हा पुतळ्यातही ती झुलीखाली झाकलेली. अपंगांच्या संघटनांनी तक्रार केली आणि 2001 मध्ये प्रवेशाशीच खुर्चीतला दुसरा पुतळा बसवला. म्हणजे एकाच स्मारकात दोन रूझवेल्ट, ज्याला जो हवा तो.

शेजारच्या आजींना हे सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, कृष्णवर्णीय, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आजी लोकांकडे धुणं धुवायची. रूझवेल्टच्या 1935 च्या पेन्शन कायद्यात शेतमजूर आणि घरकामवाल्या बायका धरलेल्याच नव्हत्या, आणि दक्षिणेत काळी माणसं बहुतेक हीच कामं करत. 1942 मध्ये याच रूझवेल्टच्या सहीने सुमारे 1,20,000 जपानी वंशाची माणसं छावण्यांत डांबली गेली, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक. आजींचा अध्यक्ष जॉन्सन. पण त्यांचं नाव घेतल्यावर त्या थोडं थांबतात. "मताचा हक्क म्हण," म्हणाल्या, "आणि लगेच व्हिएतनामचं युद्धही म्हण."

मला ते थांबणं फार खरं वाटलं. आपल्याकडे भाषणाला उभं राहिलं की फुले-शाहू-आंबेडकर ओघाने येतात, तसे इथल्या डेमोक्रॅटांच्या तोंडी रूझवेल्ट येतात. 2019-20 मध्ये डावीकडचे सँडर्स आणि मध्यावरचे बायडन एकमेकांविरुद्ध उभे, पण वारसा दोघांनाही रूझवेल्टचाच हवा. जॉन्सनच्या नावाला मात्र सगळे बिचकतात. खरं तर नागरी हक्क 1964, आणि 1965 या एका वर्षात वृद्धांचा आरोग्यविमा म्हणजे मेडिकेअर, मताधिकार आणि नवा स्थलांतर कायदा. त्याआधी भारतीयांना वर्षाला अवघा 100 जणांचा कोटा होता! तुम्ही डोळे पुसत मला विमानतळावर सोडायला आलात, त्यामागे टेक्ससच्या या उंचाड्या माणसाची सही आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्यानंतर लिबरल ही जवळजवळ शिवी झाली. क्लिंटन डेमोक्रॅट, पण 1996 मध्ये मोठ्या सरकारचं युग संपलं असं त्यांनीच जाहीर केलं. शिवीला कंटाळलेल्यांनी माळ्यावरून जुना प्रोग्रेसिव्ह काढला, झटकला आणि घातला. हल्ली तरुण पोरं लिबरल म्हणतात ते गुळमुळीत, कुणाला न दुखवणाऱ्या माणसाला. म्हणजे फिरून तुमच्या नेमस्तांपाशीच आलो की!

एवढ्या उलथापालथीत माझ्या पगाराच्या पावतीवरच्या दोन ओळी तशाच आहेत: सोशल सिक्युरिटी (रूझवेल्टची ती पेन्शन) 6.2 टक्के, मेडिकेअर 1.45 टक्के. तेवढेच पैसे मालकही भरतो. कपात पगारातूनच व्हावी हा रूझवेल्टचा हिशेब होता. माणसाने स्वतः भरलं की तो हक्क समजतो, आणि मग कुणा पुढाऱ्याची त्याला हात लावायची छाती होत नाही. 2009 मध्ये ओबामांच्या विम्याला विरोध करणारे लोक सभांतून ओरडत होते, सरकारने आमच्या मेडिकेअरला हात लावू नये. ती सरकारचीच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी तेव्हा इथे नव्हते, पण आजी ही गोष्ट अजून रंगवून सांगतात.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, कुरियरची वाट बघू नका. पावतीची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. त्या दोन ओळींवर लाल पेनने खूण केली आहे, तेवढंच बघा. एकूण रकमेवर कागद चिकटवलाय, आईने लगेच रुपयांत हिशेब करायला घेऊ नये म्हणून.

तुमची
माई