रडत नव्हतो गं, आई

म्युनिक, 18 एप्रिल

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. व्हिडिओ कॉलवर माझे लाल डोळे बघून तू रात्रभर झोपली नाहीस, असं ताई म्हणाली. रडत नव्हतो गं. जागरण नाही, पिणं तर नाहीच. इथे एप्रिलात बर्चची झाडं फुलतात, त्यांच्या परागांची ॲलर्जी आहे, एवढंच.

इथलं हवामान खातं पावसासारखा परागांचाही अंदाज देतं! हेझल, बर्च, गवत, राय अशा 8 वनस्पती, प्रत्येकीला 0 ते 3 आकडा. सकाळी ऑफिसात कुणी ‘आज बर्च तीन’ म्हणालं, की भराभर खिडक्या बंद. पराग अंथरुणात यायला नकोत म्हणून रात्री केस धुऊन झोपायचं. लख्ख ऊन असलं तरी कपडे घरातच वाळत घालायचे. पहिल्या वर्षी मी हसलो होतो. आता मीही तेच करतो.

‘चार वर्षं काही नव्हतं, आत्ताच कसं?’ अगं, शरीर आधी परागालाच शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती पेशींवर दबा धरून बसतात. पुन्हा पराग आला की पेशी हिस्टमिन नावाचं रसायन सोडतात आणि शिंका सुरू. ही ओळख व्हायलाच काही मोसम जाऊ शकतात. तेव्हा हा अशक्तपणा नाही, मी नीट जेवतो.

इथल्याच एरिका फॉन मूटियुस या डॉक्टरबाईंनी बर्लिनची भिंत पडल्यावर दोन्हीकडची मुलं तपासली. पूर्वेकडच्या, धुराने काळवंडलेल्या लाइपझिगपेक्षा पश्चिमेकडच्या म्युनिकच्याच मुलांना ॲलर्जी जास्त! पुढे कळलं, गुरांच्या गोठ्यात वाढलेल्या पोरांना ती कमी होते. तू म्हणशील, माझा तर गोठ्यातच रांगला. मीही माझ्या डॉक्टरांना तेच म्हणालो. त्या म्हणाल्या, गोठ्याने शक्यता कमी होते, हमी मिळत नाही.

तू सांगतेस ते रोजचं सफरचंद मात्र कच्चं खाल्लं की तोंड खाजतं, त्यातलं एक प्रथिन बर्चच्या परागासारखंच असतं. शिजवलं की ते मोडतं. म्हणून गूळ घालून शिजवतो. तुझ्या मुरांब्याची सर नाही.

बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे सोमवारी पाठवलेत. ऑपरेशनला मी हवा होतो, माहीत आहे. कराडच्या स्थळाला ॲलर्जीचं सांगून टाक, पुढे मुलांनाही होऊ शकते, लपवायचं कशाला? दिवाळीला नक्की येतो. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, ते काढू नकोस.

कपिला व्याली का? वासराचं नाव मला विचारून ठेवा.

तुझा,
बाळ्या