‘आधी मानसोपचार’ कशासाठी?

संपादक महोदय,

अत्तर, रूम फ्रेशनर, अगरबत्ती अशा रोजच्या वासांनी होणाऱ्या त्रासावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. अशा रुग्णांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, असा त्याचा एकूण सूर होता. गेली सहा वर्षे हा त्रास मी स्वतः भोगत असल्याने त्यातल्या ‘आधी’ या शब्दाला माझी हरकत आहे.

मी नौपाड्यात राहते. आमच्या इमारतीची लिफ्ट सकाळी पुसून झाली की तीत मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारतात; चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत माझा घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येते आणि छातीत बारीक शिटी वाजू लागते. हे ऐकून एका डॉक्टरांनी छाती न तपासताच ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणत झोपेची गोळी लिहून दिली. दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावले, पंपातून औषध देऊन थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावले आणि दोन आकड्यांतला फरक दाखवून दम्याचे निदान केले.

वास कळतो तो घ्राणचेतेमुळे; पण नाकाडोळ्यांना झोंबते ते चेहऱ्याच्या वेगळ्याच चेतेमुळे, म्हणून वास आवडत असूनही तो झोंबू शकतो. अर्धशिशी असलेल्या अनेकांना उग्र वास सोसत नाही, हेही जुनेच निरीक्षण आहे. सुगंधी द्रव्यांची त्वचेला होणारी ॲलर्जी तर पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासता येते. युरोपीय संघाने २००३ साली सौंदर्यप्रसाधनांतील २६ सुगंधी घटकांची नावे ठरावीक प्रमाणापुढे वेष्टणावर छापणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर नेली, ती उगीच नव्हे. आमच्या लिफ्टमधल्या डब्यावर मात्र ‘परफ्यूम’ एवढाच शब्द आहे.

लेखातला एक मुद्दा मी अमान्य करत नाही. अनेक रसायनांचा त्रास सांगणाऱ्यांच्या ज्या चाचण्यांत वासाची चाहूलच लागू दिली नाही, त्यांत खरे रसायन आणि साधी हवा यांतला फरक रुग्णांना बहुधा ओळखता आला नाही. मलाही आता नुसता डबा दिसला तरी धडधडते, आणि त्यात दम्याचा काही संबंध नाही, हे मला कळते. त्या धडधडीसाठी समुपदेशकाकडे जायला मला कमीपणा वाटत नाही. पण रसायनांच्या या असहिष्णुतेला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र मानसिक आजार म्हणून स्थान नाही, आणि १९९६ साली बर्लिनमध्ये भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यशाळेत तिच्यासाठी जे नाव सुचवले गेले, त्यात ‘अज्ञात कारणाची’ असाच शब्द आहे. अशा वेळी फुप्फुस, त्वचा आणि डोकेदुखीची तपासणी होण्याआधीच रुग्णाला मनोरुग्ण ठरवणे घाईचे आहे.

वाशीच्या आमच्या कार्यालयात दर काही मिनिटांनी आपोआप सुगंध फवारणारे यंत्र नेमके माझ्या टेबलावरच्या भिंतीला होते. ते काढा म्हटल्यावर डॉक्टरांचे सर्टिफिकेट मागितले गेले. दम्याचे दिले, ते चालले. यंत्र समोरच्या भिंतीवर गेले. तिथे बसणाऱ्या सहकारी बाईंचे डोके त्या वासाने दुपारपर्यंत ठणकू लागते, पण त्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणून त्यांना ‘मनावर घेऊ नका’ असे सांगण्यात आले आहे.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे