जनरेटर भाड्याने जातो, सूचना मात्र सोबत जात नाहीत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सोलापूर.

विषय : छोट्या पेट्रोल जनरेटरच्या सुरक्षित वापराची अट परवानगीपत्रात घालणेबाबत.

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. त्या दिवसांत जिथं लाइट नव्हती तिथं छोट्या पेट्रोल जनरेटरचा मोठा आधार झाला. मोबाईल चार्ज झाले, पाण्याची मोटर चालली, रात्री उजेड मिळाला. तेव्हा हे पत्र त्या यंत्राच्या विरोधात नाही. ते ठेवायचं कुठं, जोडायचं कसं आणि त्यात पेट्रोल कधी ओतायचं, हे चालवणाऱ्याला कुणीच सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. ती दूर करणं आपल्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहितोय.

मी सोलापुरात वायरिंगची कामं करतो, परवानाधारक आहे. गणपतीचे मंडप, लग्नाची कार्यालयं, शिवणकामाचे गाळे, जिथं बोलावणं येईल तिथं जनरेटर जोडून देतो. आपल्याकडे हे यंत्र बहुतेक लोक विकत घेत नाहीत, मंडपवाल्याकडून भाड्याने आणतात. टेम्पोतून एक पोरगा येतो, जनरेटर उतरवतो, दोरी ओढून चालू करून दाखवतो, “न्यायला कधी येऊ?” एवढं विचारतो आणि जातो. पुढे जनरेटर कुठं ठेवायचा ते गिऱ्हाईक ठरवतं. त्याच्या मनात तीन गोष्टी असतात : पावसात भिजू नये, कुणी उचलून नेऊ नये आणि वायर पुरावी. तिन्ही गोष्टी जनरेटरला आतच ओढतात. जिन्याखाली, बोळात, शटरच्या आत, मंडपाच्या पडद्यामागे.

गेल्या पावसाळ्यात पूर्व भागातल्या एका गाळ्यातून लाइट कमी-जास्त होतेय म्हणून बोलावणं आलं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं, मशिनी थांबवून चालणार नव्हतं. बाहेर पावसाची झड, म्हणून शटर गुडघ्याइतकं उघडं ठेवून बाकी खाली ओढलेलं. जनरेटर शटरच्या आत, सायलेन्सरचं तोंड फटीकडे. मागच्या भिंतीवर एक्झॉस्ट फॅन फिरत होता आणि मालकाची सगळी भिस्त त्या फॅनवर होती. पण फॅन मागून हवा बाहेर फेकत होता, म्हणजे तेवढीच हवा पुढच्या फटीतून आत खेचत होता, आणि नेमका त्याच फटीशी सायलेन्सर. धूर आधी सगळ्या गाळ्यातून फिरायचा, मग बाहेर जायचा. दोन बायका कपाळाला बाम चोळून मशिनीवर बसल्या होत्या, एकीला मळमळत होतं. मी जनरेटर बंद केला, शटर वर केलं आणि सगळ्यांना रस्त्यावर आणलं. मळमळणाऱ्या बाईला जवळच्या दवाखान्यात पाठवलं. तिथून ती पित्ताची गोळी घेऊन परत आली. जनरेटरबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही असं धरून चालता येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने या वायूला धरतं, आणि मग ऑक्सिजनला जागा उरत नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, हातापायातलं बळ जातं, डोकं चालेनासं होतं. डोकं चालेनासं झालं की इथून बाहेर पडलं पाहिजे हेही माणसाला सुचत नाही. झोपलेल्याला तर यातलं काही कळतच नाही, तो झोपेतच जातो. एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका हा वायू सोडू शकतो. खिडकी उघडली, पंखा लावला म्हणून भागत नाही. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब आणि सायलेन्सरचं तोंड माणसांच्या उलट्या दिशेला, असाच ठेवला पाहिजे. शेजाऱ्याची खिडकीही त्यात मोजायची.

आपल्या जिल्ह्यात ही विषबाधा ओळखू न येण्याची शक्यता फार. मे महिन्यात डोकं दुखून उलटी झाली की ऊन लागलं म्हणतात. लग्नघरात चार जणांना एकदम उलट्या झाल्या की जेवणावर संशय जातो, आचाऱ्याला बोल लागतो. आणि कोरोनापासून घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथं चक्क फसवतं. कार्बन मोनॉक्साईडने भरलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजन भरल्यासारखंच दिसतं, त्यामुळे माणूस आतून गुदमरत असतानाही आकडा ९७-९८ येऊ शकतो. एकाच छताखालच्या अनेकांना एकाच वेळी हा त्रास झाला आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर पहिला प्रश्न जनरेटरचा हवा. उपाय म्हणजे तातडीने मोकळी हवा, मग दवाखान्यात ऑक्सिजन आणि रक्ताची नेमकी तपासणी. सिव्हिलपासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि वारीतल्या वैद्यकीय पथकांपर्यंत हा एक प्रश्न पोहोचवायला कसलीही यंत्रसामग्री लागत नाही. आपलं एक पत्रक पुरेल.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. त्या आगीचा जनरेटरशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण या शहरात कामाची जागा आणि झोपायची जागा पुष्कळदा एकच असते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. खाली माग किंवा मशिनी, वर कुटुंब, मध्ये एक लाकडी नाहीतर लोखंडी जिना. अशा घरात खाली जनरेटर चालू ठेवून वर माणसं झोपली, तर तो जिनाच धुराचं धुराडं होतो. जिथं वीस फूट मोकळी जागाच नाही, तिथं पेट्रोल जनरेटर वापरूच नये, बॅटरीवरचा इन्व्हर्टर वापरावा, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. साखर पेठ, कन्ना चौकाच्या आतल्या बोळांत हेच लागू आहे, मग माझं जोडणीचं काम बुडालं तरी चालेल.

आता वारी. पालख्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला जातात तेव्हा तळांवर राहुट्या, ट्रक आणि माणसं अगदी खेटून असतात. दिंडीचा जनरेटर ट्रकच्या आडोशाला असतो. पाऊस आला की त्यावर ताडपत्री पडते आणि राहुटीचे पडदेही खाली येतात. दिवसभर चालून आलेला वारकरी पडल्या पडल्या झोपतो. त्याच्या उशापासून जनरेटर किती हातांवर आहे हे पाहणारा कुणीतरी हवा. तळावर पाण्याचे टँकर आणि शौचालयांची जागा नकाशात आखलेली असते, तशीच जनरेटरची जागा आखली तर हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटेल. पावसासाठी जनरेटरवर चारी बाजूंनी मोकळं, उंच छप्पर घालावं. ताडपत्री गुंडाळली तर इंजिन तापतं आणि आगही लागते.

दुसरा धोका वायरमनच्या जिवाचा. हा माझ्या फार जवळचा आहे, कारण खांबावर चढणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. लाइट गेली की काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घेतात. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. सगळं घर उजळतं. पण तोच करंट मीटरमधून उलटा खांबावर जातो आणि तिथून डीपीत. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि तो दोन्ही दिशांनी चालतो. वरून ११ हजार व्होल्ट आले तर खाली आपल्या वापराचे करतो, खालून २३० आले तर वर तितकेच हजार करून सोडतो. लाइन बंद आहे या खात्रीने तारेला हात लावलेल्या माणसाला तोच करंट बसतो. शेजारच्या घरांचा भार पडून असा जनरेटर अनेकदा लगेच दम टाकतो, म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही. वादळात तार तुटून पलीकडचा भार सुटलेला असतो तेव्हा तो दम टाकत नाही, आणि वायरमन नेमका त्याच तुटलेल्या तारेवर काम करत असतो. शिवाय त्या वायरचं सॉकेटातून निसटलेलं टोक उघड्या पिनांनिशी जिवंत असतं. घरातल्या पोराचा हात लागला तर काय होईल हे सांगायला नको.

“आम्ही मेन स्विच पाडतो की,” असं लोक म्हणतात. अंधारात, घाईत, पाहुण्यांच्या गडबडीत ते एकदा राहून जातं. यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. रेल्वेच्या रुळाचा सांधा जसा गाडीला या नाहीतर त्या रुळावर घेतो, तसं घर एका वेळी खांबावरच्या लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडलेलं राहतं, दोन्हींना कधीच नाही. तो जोडणं परवानाधारक माणसाचं काम आहे. हा स्विच नसेल तर जनरेटर घराच्या वायरिंगला मुळीच जोडू नये. त्याच्या अंगावरच्या सॉकेटमधून जाड, तीनतारी वायरने लागेल तेवढं उपकरण थेट चालवावं आणि अर्थिंग करून घ्यावं. वायर गुंडाळी करून ठेवू नये, तापते. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून हात लावू नये.

पेट्रोलचं जे चालतं ते संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाहावं. मागच्या ओळीतल्या एका स्टॉलवर मी पाहिलं : पाण्याच्या बाटलीचं कापलेलं तोंड हेच नरसाळं, कॅन काखेत, जनरेटर चालूच, कारण बंद केला तर गिऱ्हाइकांसमोर अंधार होईल. ओतताना दोन-तीन धारा टाकीवरून ओघळून सायलेन्सरच्या जाळीपर्यंत गेल्या. बाजूच्या स्टॉलवर भज्यांची कढई चालू होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि बऱ्याच अंतरावरच्या शेगडीलाही जाऊन भिडते. म्हणून जनरेटर बंद करायचा, पंधरा-वीस मिनिटं निवू द्यायचा, मगच ओतायचं, टाकी काठोकाठ भरायची नाही, आणि राखीव कॅन जनरेटरजवळ ठेवायचा नाही. तेवढ्या वेळच्या अंधारासाठी बॅटरीचा दिवा जवळ ठेवला की चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायची वेळ येत नाही.

भाराबद्दल थोडक्यात सांगतो. दोन केव्हीएचा जनरेटर जेमतेम साडेआठ अँपिअर देतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे दिवे, पंखे आणि पाण्याची मोटर एकदम लावली की वायर तापते, जनरेटर कण्हतो आणि उपकरणं जळतात. मोटर आधी एकटी सुरू करावी, बाकीचं मागून जोडावं.

मागणी एवढीच आहे. या जिल्ह्यात वारीचे तळ, गड्ड्याचे स्टॉल, गणेशोत्सवाचे मंडप, पूर आला तर निवारा केंद्रं, यांतलं काहीही प्रशासनाच्या परवानगीशिवाय किंवा नियोजनाशिवाय उभं राहत नाही. त्या प्रत्येक कागदावर जनरेटरची एक अट छापावी : माणसांपासून वीस फूट लांब, चेंजओव्हर स्विचशिवाय वायरिंगला जोडणी नाही, चालू असताना पेट्रोल नाही. काही परवानग्या महापालिका आणि पोलीस देतात हे मला माहीत आहे, पण आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे आपण या प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, सगळ्यांना एका टेबलावर आपणच बोलावू शकता. जनरेटर भाड्याने देणाऱ्यांचीही एक बैठक घ्यावी. यंत्राच्या हँडलला सूचनांची एक प्लास्टिकची पाटी बांधूनच ते दुकानाबाहेर पडलं पाहिजे, आणि आणून देणाऱ्या पोराने जागा स्वतः पाहून दिली पाहिजे. सगळ्यात जास्त भरवसा मला याच उपायावर आहे, कारण गिऱ्हाइकं रोज बदलतात, भाड्याने देणारे मात्र तेच असतात. पाटी मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवी. पूर्व भागात आणि अक्कलकोटकडे फक्त मराठी पाटी लावून भागणार नाही. पाटीवर १०८ आणि १९१२ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत, म्हणजे रुग्णवाहिका आणि तुटलेल्या तारेची खबर, दोन्हींसाठी शोधाशोध नको.

पाटीचा मराठी मजकूर मी लिहून देतो. तेलुगू आणि कन्नडसाठी माझ्यासोबत काम करणारी माणसं तयार आहेत, उर्दूसाठी शेजारचे एक मास्तर. छपाईचा खर्च भाड्याने देणाऱ्यांनी उचलावा, तो फार नाही. आषाढीच्या नियोजनाच्या बैठकीत विजेचा विषय निघेल त्या दिवशी मला दहा मिनिटं द्यावीत. एक जनरेटर आणि एक चेंजओव्हर स्विच घेऊन मी आपल्या कार्यालयाच्या आवारात येतो आणि तहसीलदार, मंडपवाले, दिंडीप्रमुख जे कुणी असतील त्यांना जोडून दाखवतो.

आपला,
एक परवानाधारक वायरमन,
जुळे सोलापूर